‘बिनटाक्याचं’ म्हणजे नेमकं काय?

आमच्या एसटी स्टँडसमोर गेल्या दिवाळीपासून एक मोठा फ्लेक्स लागला आहे. हसऱ्या चेहऱ्याची बाई, तिच्यामागे यंत्राचे चार हात आणि ठळक अक्षरांत ‘बिनटाक्याचे ऑपरेशन, आता रोबोच्या साहाय्याने!’ कशाकशाचं ऑपरेशन, ते खाली बारीक अक्षरांत आहे. त्या यादीत ‘अंग बाहेर येणे’ असंही लिहिलंय. बायका ज्याचं नाव सख्ख्या बहिणीजवळही काढत नाहीत, ते असं चारचौघांत टांगलेलं बघून मला आधी बरंच वाटलं होतं. निदान शब्द तरी उजेडात आला!

त्याच फ्लेक्सच्या सावलीत आमच्या बचत गटातल्या एक आक्का भाजी विकतात. वय ५२. चार बाळंतपणं, त्यातली तीन घरीच. गटाच्या बैठकीला त्या कधी खाली बसायच्या नाहीत, भिंतीला टेकून उभ्या राहायच्या. बाजारातही पालथ्या क्रेटवर एका अंगाला कलून बसायच्या. मला वाटायचं, गुडघे दुखत असतील. मी त्यांना गुडघ्याला लावायचं तेलही आणून दिलं होतं आणि त्यांनी ते मुकाट्याने घेतलंही होतं.

मागच्या वर्षी आम्ही गावात बायकांसाठी तपासणीचं शिबीर घेतलं. मी दाराशी रजिस्टर घेऊन नावं लिहीत होते. सिस्टरनी आक्कांना विचारलं, ‘लघवीचा काही त्रास?’ आणि आक्का एकदम रडायलाच लागल्या. मग सगळं निघालं. अकरा वर्षं अंग बाहेर येत होतं. सकाळी हाताने आत सारायचं, जुन्या लुगड्याची घडी करून लंगोटासारखी बांधायची, डोक्यावर पाटी घ्यायची. संध्याकाळी पुन्हा बाहेर. घासून घासून जखम झालेली. नवऱ्याला माहीत नाही, सुनेला माहीत नाही. मी गेली पंधरा वर्षं ‘महिलांच्या आरोग्यासाठी’ काम करते म्हणून तालुक्यात माझे सत्कार झालेत, आणि माझ्या समोर महिन्याच्या महिन्याला उभी राहणारी बाई का उभी राहते, हे मला कळलं नव्हतं.

तसं हे नवं नाही. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० बायकांची तपासणी केली होती. १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात ते प्रसिद्ध झालं. शंभरातल्या ९२ जणींना काही ना काही स्त्रीरोग होता, आणि त्याआधी कधी तपासून घेतलेल्या होत्या जेमतेम ८. त्याला आता पस्तीस वर्षांहून जास्त काळ लोटला. फ्लेक्स आले, यंत्रं आली. आक्का मात्र भिंतीलाच टेकून होत्या.

शिबिरानंतर आम्ही डॉक्टरांकडे फिरायला लागलो. तीन ठिकाणी गेलो आणि तीन उत्तरं घेऊन आलो. तालुक्याचे डॉक्टर म्हणाले, ‘पिशवी खालून काढून टाकू, पंधरा मिनिटांत तुम्हाला तारीख देतो.’ जिल्ह्याच्या गावी एका दवाखान्यात सांगितलं, ‘हे जुनं झालं. दुर्बिणीतून जाळी लावून अंग वर बांधून घेऊ.’ आणि पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयात गोड बोलणाऱ्या मुलीने आमच्यापुढे रोबोचं पॅकेज ठेवलं. तालुक्याच्या आकड्यापुढे एक शून्य जास्त होतं. तिन्ही ठिकाणी ‘कमीत कमी चिरफाड’ हे शब्द होते.

इथे मला माझी चूक सांगायला हवी. मी रोबोच्या बाजूने होते. माझ्या मनात सरळ हिशेब होता: महाग ते चांगलं, नवं ते सुरक्षित आणि गरीब बाईलाही शहरातल्या बाईसारखंच मिळायला हवं. गटातून आक्कांना कर्ज द्यायचा ठरावही मी तोंडी पास करून घेतला होता. उरलेल्यासाठी त्यांची बोरमाळ होतीच. गटाच्या खजिनदारबाई तेवढ्या म्हणाल्या, ‘ताई, तीन डॉक्टर तीन गोष्टी सांगतात, तर आधी फरक तर कळू दे.’ मला राग आला होता त्यांचा. पण त्यांच्यामुळेच मी माझ्या एका शाळेतल्या मैत्रिणीला फोन केला. ती सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात स्त्रीरोग हा विषय शिकवते. मी मराठी घेऊन बी.ए. झालेली, तेव्हा तिने मला समजेल अशा बोलीत सांगितलं. त्यानंतर मी जे वाचलं, विचारलं, ते इथे मांडते.

मुळात अंग बाहेर येतं म्हणजे काय होतं? लग्नाचा मांडव डोळ्यांसमोर आणा. वर ताणलेल्या दोऱ्या, बाजूचे वासे आणि खाली घट्ट जमीन. आपल्या ओटीपोटात गर्भपिशवी, पुढे लघवीची पिशवी आणि मागे गुदाशय, हे सगळं असंच वरून बांधलेलं, बाजूंनी धरलेलं आणि खालून स्नायूंनी तोललेलं असतं. बाळंतपणात, त्यातही अडलेल्या किंवा भराभर झालेल्या बाळंतपणात, या दोऱ्या आणि स्नायू ताणतात, फाटतात. त्यावर वर्षानुवर्षं जड उचलणं, जुना खोकला, बद्धकोष्ठ आणि पाळी गेल्यावर येणारा सैलपणा. मग कुणाची पुढची भिंत खाली येते, कुणाची मागची, कुणाची पिशवीच. म्हणून ‘अंग बाहेर आलं’ हा एक शब्द असला तरी आजार प्रत्येकीचा वेगळा असतो. माझी मैत्रीण म्हणाली, ‘मांडवाचं कापड खाली आलं म्हणून कापड काढून टाकलं, तर वासे काही ताठ होत नाहीत.’ पिशवी काढणं हा या आजाराचा पूर्ण इलाज नाही, एवढी एक गोष्ट जरी आपल्या बायकांना कळली तरी पुष्कळ झालं.

आता ती तीन उत्तरं.

खालून, म्हणजे योनीमार्गातून होणारं ऑपरेशन सगळ्यांत जुनं. कमरेतून भूल दिली तरी चालते, पोटावर एकही छिद्र पडत नाही. फ्लेक्सवरचा ‘व्रण नाही’ हा शब्द खरं तर यालाच शोभतो. आणि आपण त्याला ‘जुनं’, ‘तालुक्याचं’ म्हणून नाक मुरडतो! मात्र यात एक मेख आहे. नुसती पिशवी काढून पुढे-मागे टाके घालून बाईला घरी पाठवलं, तर काही वर्षांनी योनीचा वरचा भागच खाली घसरू शकतो. तेव्हा ते वरचं टोक आतल्या मजबूत बंधांना बांधलं जाणार का, हा खरा प्रश्न. असं बांधण्याच्या दोन पद्धती आहेत. एकीत ढुंगणाकडच्या एका पक्क्या बंधाला टाका घेतात. त्यानंतर काही दिवस बसताना तिथे दुखतं. दुसरीत गर्भपिशवीच्याच मागच्या दोऱ्या वर धरून बांधतात. त्यात लघवीच्या नळीला ओढ बसू नये म्हणून जपावं लागतं.

या दोन्हींची तुलना अमेरिकेत ३७४ बायकांवर झाली. दोन वर्षांनी दोन्हींचं यश सारखंच होतं, शंभरात साधारण ६०. पाच वर्षांनी पुन्हा पाहिलं, ते २०१८ साली प्रसिद्ध झालं. कडक मोजपट्टी लावली तर निम्म्याहून जास्त जणींचं ऑपरेशन ‘फसलं’ असं म्हणावं लागत होतं. पण त्या बायकांना विचारलं, तर बहुतेकींचा त्रास ऑपरेशनआधीच्या मानाने कमीच होता, आणि पुन्हा इलाजाची गरज शंभरात दहाएक जणींनाच पडली होती. हे वाचून मी जरा वेळ थांबलेच. डॉक्टरांच्या पट्टीने नापास आणि बाईच्या जिवाला आराम, असं दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. कुठल्या पट्टीने मोजायचं, हे कुणी ठरवायचं?

दुसरा मार्ग वरून, पोटातून. पूर्वी यासाठी पोट उघडायचे, आता चार लहान छिद्रांतून दुर्बिणीने करतात. योनीच्या पुढच्या आणि मागच्या भिंतीला प्लास्टिकच्या धाग्याची बारीक जाळी शिवायची आणि तिचं दुसरं टोक कमरेच्या मणक्याखालच्या हाडाला, म्हणजे त्रिकास्थीला पक्कं करायचं. वरून टांगण्याची ही पद्धत टिकाऊपणात सरस ठरली आहे. वेगवेगळे अभ्यास एकत्र करून पाहिले, तर अंग पुन्हा बाहेर आल्याची जाणीव होणं, पुन्हा ऑपरेशन लागणं आणि संबंधाच्या वेळी दुखणं, हे खालून केलेल्यांच्या मानाने वरून केलेल्यांत कमी आढळतं. वयाने लहान असणाऱ्या, कामाचा रेटा मोठा असणाऱ्या किंवा एकदा ऑपरेशन होऊन पुन्हा अंग आलेल्या बाईसाठी डॉक्टर हा मार्ग सुचवतात तो याचमुळे. उघडं पोट आणि दुर्बीण यांत शेवटचा परिणाम सारखाच. दुर्बिणीत रक्त कमी जातं, लवकर घरी जाता येतं.

पण यालाही किंमत आहे. पूर्ण भूल लागते, पोटात वायू भरतात, डोकं खाली करून बराच वेळ झोपवतात. दम्याच्या किंवा हृदयाच्या बाईला ते झेपेलच असं नाही. ऑपरेशनला वेळ जास्त. दुर्बिणीतून आत टाके घालणं हे कौशल्य यायला वर्षं लागतात, त्यामुळे ते कुणाच्या हातून होतंय यावर फार अवलंबून. आणि जाळी ही कायमची पाहुणी. २०१३ साली अमेरिकेत असा पाठपुरावा प्रसिद्ध झाला, ज्यात सात वर्षांत शंभरातल्या सुमारे दहा जणींना जाळी किंवा तिचा टाका आतून उघडा पडण्याचा धोका दिसला. ती ऑपरेशनं पोट उघडून केलेली होती आणि जाळ्याही आधीच्या पिढीच्या होत्या, हे खरं. तरी सात वर्षं हा काळ लक्षात ठेवा. आपल्याकडे टाके काढायला आलेली बाई पुन्हा दवाखान्याची पायरी चढते ती थेट पुढच्या दुखण्याला.

एक गोष्ट मला फार आवडली, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्रिकास्थीच्या हाडाला पिशवी टांगण्याची कल्पना परदेशातून आलेली नवलाई म्हणून आपल्याला दाखवतात. पण मूळचे गोव्यातल्या शिरोड्याचे आणि मुंबईत काम केलेले डॉ. वि. ना. शिरोडकर, ज्यांच्या नावाचा टाका गर्भपात टाळण्यासाठी जगभर घालतात, त्यांनी गेल्या शतकाच्या मध्यालाच पट्टीने पिशवी त्या हाडाकडे बांधण्याचं ऑपरेशन केलं होतं. मुंबईच्याच डॉ. पुरंदरेंनी तीच पिशवी पुढच्या बाजूने पोटाच्या भिंतीला बांधण्याची पद्धत काढली. त्यांना ते सुचलं, कारण त्यांच्यापुढे येणाऱ्या बाया पंचविशी-तिशीच्या होत्या, अजून मूल हवं असणाऱ्या होत्या. पिशवी काढणं त्यांना परवडणारं नव्हतं. दुर्बीण नंतर आली, पण पिशवी वाचवायची बुद्धी आपल्या डॉक्टरांना तिच्याआधीच होती.

राहिला रोबो. मी आणि आक्का, आम्हा दोघींचाही समज होता की यंत्र आपणहून ऑपरेशन करतं. तसं नाही. डॉक्टरच शेजारच्या टेबलावर बसून त्याचे हात चालवतात. चित्र ठसठशीत दिसतं, मनगटासारखी वळणारी हत्यारं असतात, आत टाके घालणं सोपं जातं. म्हणजे सोय आहे ती प्रामुख्याने डॉक्टरांची, आणि त्यात वावगं काही नाही. पण ऑपरेशन तेच, छिद्रं तेवढीच किंवा एखाद दुसरं जास्त, जाळीही तीच. अमेरिकेत दुर्बीण आणि रोबो यांची समोरासमोर तुलना करणारे दोन अभ्यास २०११ आणि २०१४ साली झाले. अंग वर राहण्यात फरक पडला नाही. पहिल्या अभ्यासात रोबोला तासाभराहून जास्त वेळ लागला आणि पुढचे काही आठवडे वेदनाही त्याच बायकांना अधिक होत्या. दोन्हींत खर्च रोबोचा जास्त. आता डॉक्टरांचे हात सरावलेत, यंत्रंही सुधारलीत. वेळेचा फरक कमी झाला असेल. तरी ज्या बाईच्या घरात बोरमाळ मोडायची वेळ येते, तिला ‘परिणाम तोच’ हे वाक्य आधी ऐकू यायला हवं. आम्हाला त्या गोड मुलीने ते ऐकवलं नाही. आम्हीही विचारलं नाही.

आणि आता ज्यामुळे जगभर गदारोळ झाला, ती गोष्ट. जाळी वरून लावणं वेगळं आणि खालून, योनीतून छोटी चीर देऊन जाळी बसवणं वेगळं. २००० नंतरच्या काळात अशा तयार जाळ्यांचे संच बाजारात आले. झटपट, पोटाला हात न लावता, ‘कमीत कमी चिरफाड’! शब्द तेच, बघा. मग बायकांच्या तक्रारी येऊ लागल्या. जाळी उघडी पडणं, रक्त, जंतुसंसर्ग, बसता न येणाऱ्या वेदना, संबंध अशक्य होणं, आणि काढायला जावं तर जाळी मांसात रुतलेली. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ साली पहिली सूचना काढली, २०११ साली गंभीर इशारा दिला आणि एप्रिल २०१९ मध्ये अंग बाहेर येण्यासाठी खालून बसवायच्या जाळ्यांची विक्रीच थांबवायला लावली. ऑस्ट्रेलियाने ते २०१७ सालीच केलं होतं. ब्रिटनमध्ये २०१८ साली स्थगिती आली. तिथे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासाने दाखवून दिलं होतं की जाळीमुळे बायकांना जास्त बरं वाटलं असं काही नाही. उलट दोन वर्षांत दहातल्या एकीहून जास्त जणींना जाळीचाच त्रास झाला.

ब्रिटनमध्ये बॅरोनेस ज्युलिया कंबरलेज यांच्या समितीने जुलै २०२० मध्ये अहवाल दिला. त्यात जाळीपेक्षाही मला जे टोचलं ते असं, की कितीतरी बायका वर्षानुवर्षं सांगत होत्या आणि ‘हे तुमच्या वयाचं दुखणं आहे’, ‘मनाचे खेळ आहेत’ म्हणून त्यांना वाटेला लावलं जात होतं. इंग्रजी बोलणाऱ्या, शिकलेल्या, डॉक्टरला पत्र लिहू शकणाऱ्या बायका त्या! मला माझं गुडघ्याचं तेल आठवलं.

तेव्हा मैत्रिणींनो, दवाखान्यात ‘जाळी’ शब्द कानावर आला की पुढचं वाक्य आपलं असावं: वरून की खालून? वरून लावायच्या जाळीला अमेरिकेतली ती बंदी लागू नाही. दोन्हींना एकाच सुपात घालून घाबरू नये, आणि दोन्हींना एकच समजून सहीही करू नये.

पिशवीचंही तसंच. नेदरलँड्समध्ये २०८ बायकांत निम्म्यांची पिशवी काढली आणि निम्म्यांची ठेवून खालूनच बंधाला बांधली. पाच वर्षांनी पिशवी ठेवलेल्या जणी कुठे मागे नव्हत्या. अर्थात पिशवीत दुसरा काही दोष असेल, पाळी गेल्यावर रक्त जात असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे आधी तपासणी. पण ‘वय झालं, आता तिचा उपयोग काय’ हे कारण पुरेसं नाही. आपल्याकडे हा प्रश्न नाजूक आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडणी करणाऱ्या बायकांचं २०१९ साली सर्वेक्षण झालं, डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समितीही बसली. ८२,३०९ जणींपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. तोडीवर खाडा पडू नये, पांढरं जाणं थांबावं, कुणीतरी कॅन्सरची भीती घातली, अशी एकेक कारणं. पुढे केंद्राने विनाकारण पिशव्या काढण्याविरुद्ध मार्गदर्शक सूचना केल्या आणि एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तीन महिन्यांत लागू करायला राज्यांना सांगितलं. गंमत अशी की जिला खरंच इलाज हवा होता, त्या आमच्या आक्का अकरा वर्षं लंगोट बांधून फिरत होत्या, आणि जिला नको होता, तिची पिशवी तिशीतच गेली.

ऑपरेशनाआधीही काही आहे, ते दोन ओळींत सांगते. त्रास थोडा असेल तर ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम, मात्र ते तपासून, शिकून केलेले. आणि रिंग. सिलिकॉनची रिंग आत बसवली की अंग वर राहतं. ती ठरल्या वेळी काढून धुवायला लागते, हयगय केली तर आत जखम होते. नेदरलँड्समध्येच ४४० बायकांवर झालेला अभ्यास २०२२ साली आला. दोन वर्षांनी रिंगपासून सुरुवात केलेल्यांतल्या शंभरातल्या ७६ आणि थेट ऑपरेशन केलेल्यांतल्या ८१ जणींनी ‘बरं वाटतं’ असं सांगितलं. पण रिंगवाल्यांतल्या निम्म्याहून जास्त जणी मधल्या काळात ऑपरेशनकडे वळल्या होत्या, हेही सांगायला हवं. आम्हाला तिन्ही दवाखान्यांत रिंगचं नाव कुणी काढलं नव्हतं. रिंगचा फ्लेक्स कोण लावणार?

एवढं सगळं वहीत लिहून मी आक्कांच्या घरी गेले. मोठ्या उत्साहाने वाचून दाखवायला लागले. त्यांनी अर्धं ऐकलं आणि विचारलं, ‘ताई, मला पुन्हा पाटी उचलता येईल का?’

खरं सांगते, माझ्या वहीत याचं उत्तर नव्हतं. तिन्ही डॉक्टरांनीही त्यांना ‘काम काय करता’ हे विचारलं नव्हतं. एकाने केसपेपरवर ‘गृहिणी’ लिहून टाकलं होतं! साधारणपणे ऑपरेशननंतर दीड ते तीन महिने जड उचलू नका असं सांगतात. अमेरिकेत २०२३ साली आलेल्या एका लहानशा अभ्यासात, उचलण्यावर बंधन न घातलेल्या बायकांचं तीन महिन्यांनी काही जास्त बिघडलं नव्हतं. पण तिथल्या बाईचं उचलणं म्हणजे किराण्याची पिशवी, आणि आक्कांचं म्हणजे पहाटे चारला टेम्पोतून उतरवलेली कोबीची पाटी. एकीचं उत्तर दुसरीला देता येत नाही.

शेवटी आम्ही चौथ्या ठिकाणी गेलो, माझ्या मैत्रिणीच्याच सरकारी रुग्णालयात. तिथल्या बाईंनी आधी घासून झालेली जखम भरून काढली. औषधाचे बोळे ठेवून तीन आठवडे गेले. जखमेवर टाके धरत नाहीत, आणि एवढी साधी गोष्ट ‘पंधरा मिनिटांत तारीख’ देणाऱ्यांनी सांगितली नव्हती. मग तपासण्या, पेशींची चाचणी. आक्कांना जुना दमा. चुलीपुढची तीस वर्षं. पूर्ण भूल देऊन डोकं खाली करून तीन तास, हे भूलतज्ज्ञांना पसंत नव्हतं. तेव्हा दुर्बीण आणि रोबो दोन्ही बाजूला पडले. माझा तो तोंडी ठराव अमलात आला असता तर काय झालं असतं, हे मी रात्री अंथरुणावर पडल्यावर मनात आणत नाही.

ऑपरेशन खालून झालं, कमरेतून भूल देऊन. पिशवी काढायची की ठेवायची हे आक्कांना विचारलं गेलं. तिचं तोंड लांबलं होतं, वारंवार जखमा झाल्या होत्या. त्यांनी ‘काढा’ म्हणून सांगितलं. वरचं टोक आतल्या बंधाला बांधलं. ते बांधलंय, कशाने बांधलंय आणि जाळी वापरलेली नाही, एवढं सगळं बाईंनी डिस्चार्ज कार्डावर लिहून दिलं. ते मी मागून घेतलं. उद्या आक्का दुसऱ्या गावी दुसऱ्या डॉक्टरकडे गेल्या तर त्यांच्या आत काय केलंय हे कागदावर तरी असावं. सरकारी योजनेत काय बसतं, काय नाही, हे तिथल्या आरोग्यमित्राने पाहिलं. गटाचं कर्ज लागलं नाही. लागला तो एसटीचा खर्च आणि सुनेच्या मजुरीचे नऊ दिवस, ज्यांचा हिशेब कुठल्याच पॅकेजमध्ये नसतो. सुनेला सगळं कळलं ते या नऊ दिवसांत.

आठ महिने झाले. आक्का आता बैठकीत खाली बसतात. पहिल्या दिवशी बसल्या तेव्हा खजिनदारबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा वहीत मान घातली. खोकला वाढला की आक्कांना अजून धास्ती वाटते, म्हणून दम्याचा पंप आता रोज घ्यायला लागल्यात, जो आधी कपाटावर पडून असायचा. दर सहा महिन्यांनी दाखवायचं आहे. पहिल्या फेरीला मी सोबत गेले, दुसरी येईल तेव्हा सून नेणार आहे. पाटी टेम्पोतून मुलगा उतरवतो. मंगळवारच्या बाजाराला तो उशिरा येतो आणि तोवर गिऱ्हाईक शेजारणीकडे जातं, यावरून मायलेकांत रोज वाद चालू आहे.